पहिल्या पाटाची आनेवारी

...आन् वरून मलेच म्हंते, "जवाईबापू, पाट जरासाक तिकडे सरकवता का?" मले! तुम्हाले सांगतो, सोळा वर्षं झाली होती त्या घरचा जवाई होऊन, थोरला जवाई, त्यातही सरकारी तलाठी, सात-बाऱ्यावर सही करनारा मानूस, आन् सोळा वर्षांत पयल्यांदा माझी सासू हातात ताट घेऊन उभी आन् मले म्हंते सरका! कोनासाठी? तं तुलारामसाठी! तुलाराम म्हंजे माझा साडभाऊ, माझ्या साळीचा नवरा, लाखांदुरात बसस्टँडच्या मांगं टपरी टाकून रेडिओ दुरुस्त करते, बोटं काळी, सदऱ्याले भोकं, आन् तो माझ्याइकडे पाहून हासून म्हंते, "राहू द्या ना मामी, दादाले कायले उठवता?" म्हंजे सरकवलं तं सरकवलं, वरून दयाबी करते! पन जाऊ द्या. आपल्याले का करा लागते!

आता तुम्ही म्हनसान, घनश्यामभाऊ, पन्नाशी जवळ आली, एका लाकडाच्या पाटासाठी कायले रडून राह्यले? थांबा. तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येते, धोंड्याचा महिना. त्या महिन्यात सासरा जवायाले बलावते, पाय धुते, तेहतीस अनारशाचं ताट पुढं ठेवते. आमच्या आंधळगावच्या सासरी रीत अशी का, दोन जवाई, दोन पाट, आन् देवघराजवळचा पयला पाट थोरल्याचा. पाय पयले थोरल्याचे, ताट पयलं थोरल्याचं, घास पयला थोरल्याचा, तवर धाकट्यानं अनारशाकडे पाहाचं नाही! हे का मी फुकट मिळोलं? थोरल्या पोरीसंगं लगन करून मिळोलं हाय! नोकरीत मले कोन विचारते हो? तहसीलदार आला का मी उभा, नायब आला का मी उभा, त्याहिचा ड्रायवर आला तरी मी सवयीनं अर्धा उठतो. आख्ख्या दुनियेत एकच जागा हाय जिथं मी बसतो आन् बाकीचे उभे राह्यते. तोच पाट! आन् तोच माझ्या खालून ओढला, पंच्याऐंशी सालच्या श्रावनात, भर धोंड्याच्या महिन्यात.

आन् काहून ओढला? शेअर! शेअर घेतले म्हने त्यानं!

बरं, घेतले तं घेतले, कायचे घेतले? तेलमिलचे नाही, कापडाचे नाही, साखरेचे नाही. मयूरेश सेमीकंडक्टर म्हनून कंपनी! मी म्हटलं, "तुलाराम, हे का भानगड हाय?" तं खिशातून काढते ना तो एक काळं काळं, आंगठ्याच्या नखाएवढं, दोही बाजूंनी पाय फुटलेलं, मले वाटलं गोमच काढली! "दादा, हे आयसी. पयले रेडिओत पन्नास पार्ट लागत, आता हे एक बसोलं का झालं. याच्यातून वीज जितकी पाह्यजे तितकी जाते, बाकीची अडते." मी म्हटलं, "म्हंजे आपल्या तलावाचं तुडूम." तलावाच्या पारीतून, बांधातून, धानाच्या बांधीत पानी सोडाचं तोंड असते ना, ते. तं हा बैताड, खुळाच म्हना, टाळ्या पिटून म्हंते, "बराबर! दादा, तुम्हाले तं एका मिनिटात समजलं!" आता असा मानूस असला तं त्याच्यावर चिडाचं तरी कसं सांगा? पन मी चिडलो.

मामाजी म्हंजे माझे सासरे, सुखराम पाटील, भात पिकवनारा मानूस, कोनताबी सौदा कराचा असला का मूठभर धान हातात घेऊन फुंकनार, दाताखाली दाना फोडनार, मंग बोलनार. त्याहिनं ते काळं पायवालं घेतलं, फुंकलं, दाताखाली धरलं, नाही फुटलं. मंग माझ्याइकडे वळून म्हने, "जवाईबापू, तुम्ही आनेवारी काढता. याची आनेवारी का निंघन?"

आता हे तुम्हाले सांगाच लागते, नाही तं पुढचं समजनार नाही. पीक उभं असलं का तलाठ्यानं बांधावर उभं राहून नजरेनं पाहाचं आन् लिव्हाचं, यंदा रुपयात किती पैशाचं पीक हाय. ते आनेवारी. आता पैसेवारी म्हंतेत, पन लोकं आनेवारीच म्हंते. पन्नास पैशाच्या खाली लिव्हली तं गावाले साऱ्यात सूट भेटते, पन्नासच्या वरतं लिव्हली तं गाव आपल्याले चहा पाजत नाही. म्हनून तुम्हाले सांगतो, मी वीस वर्षांत धान कमरेइतका असू द्या का घोट्याइतका, मनात पंच्याहत्तर येवो का नव्वद येवो, हात लिव्हते पंचेचाळीस! पाप नाही वाटत, सवय हाय. मनातली आनेवारी वेगळी, कागदावरची वेगळी.

तं मामाजीनं विचारलं आन् माझ्या तोंडातून पटकन निंघालं, "चाळीस पैसे." म्हटलं, "मामाजी, जे कुडोनं मोजता येत नाही, पायलीनं मोजता येत नाही, पोत्यात भरता येत नाही, उंदीरबी खात नाही, त्याले घेनार कोन?" मामाजीनं मान हालोली. मी खूश. पाट वाचला!

तीन आठवडे वाचला. मंग धोंड्याचं जेवन आलं, आन् त्याच्या दोन दिवस पयले पेपरात आलं, दहाचा शेअर अठरा. झालं! "जवाईबापू, पाट जरासाक सरकवता का?"

बरं, तिथंच थांबलं असतं तरी मी मोठ्या मनाचा मानूस हाय. अठराचा झाला अठ्ठावीस, अठ्ठाविसाचा झाला बेचाळीस! आन् कंपनीनं त्याले पुस्तक धाडलं, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, एका बाईच्या बोटावर तेच काळं पायवालं ठेवलेलं, आन् खाली लिव्हलं, "आमचे प्रिय भागधारक." प्रिय! मले वीस वर्षांत सरकारनं प्रिय म्हटलं नाही, मले आलेल्या सगळ्या कागदावर "खुलासा करावा" लिव्हलं राह्यते! ते पुस्तक मामाजीनं कुठं ठेवलं असंन? देवघरात! हळदकुंकू लावलं त्याले! मी पाया पडाले वाकलो तं गनपतीच्या बाजूले त्या बाईचं बोट. पडलो पाया. आपल्याले का करा लागते!

आन् घरी माझी बायको, उषा. तिले मी सांगून ठेवलं होतं, तुलारामचं नाव काढाचं नाही. काढत नाही ती. "सत्यवतीनं नवी पातळं घेतली," एवढंच म्हंते. सत्यवती म्हंजे तिची बहीन, तुलारामची बायको. "सत्यवतीकडे मिक्सर आला." "सत्यवती म्हने, आमच्याइकडे आता सकाळी चहासंगं बिस्कुट असते." नाव कुठं काढलं? आन् मंग हळूच, "आपल्या घरावरचे कवेलू काढून टिनं कवा टाकाचे हो? मांगच्या खोलीत पाऊस माझ्या आंगावर येते." टिनाचे पैसे पोस्टात होते, पै पै करून ठेवलेले, मी म्हटलं, "टाकू, घाई नाही."

मंग देव पावला! शहाऐंशी साल अर्धं सरलं आन् बाजार बसला. आता हे मले कसं मालूम? मी काही पेपर पाहत नाही हो! मोहाडीले कामाले गेलो का एसटी स्टँडवर चहाच्या हाटेलात पेपर पडला राह्यते, कालचा, त्यात मांगच्या पानावर बारीक अक्षरात भाव राह्यते, नजर पडली तं पडली. रोज पडे. सुट्टीच्या दिवशीबी मी सायकल काढून नजर पाडाले जाओ. बेचाळीसचा झाला तीस. तिसाचा बावीस. बाविसाचा चौदा! तुम्हाले खरं सांगतो, पंधरा ऑगस्टले झेंड्याखाली उभा राहून छाती भरून येते ना, तशी मले त्या हाटेलात छाती भरून आली. चहावाल्याले म्हटलं, एक भजाची प्लेट दे. तो म्हने, "पोरगं पास झालं का, साहेब?" म्हटलं, "नाही रे, असंच."

मुद्दाम लाखांदुरले गेलो. दोन एसट्या बदलून. तोंड पाडून टपरीत शिरलो, म्हटलं, "तुलाराम, ऐकलं बावा, भल्ला वाईट झालं." आन् हा मानूस! एका ट्रान्झिस्टरचं पोट फाडून बसला होता, वर पाहून हासते! "दादा, बसा. भावाचं का हाय, यंदा पडला, पुढं उठन. रेडिओ रोज बिघडतेत, टीव्ही आता गावोगाव येऊन राह्यले, हे पार्ट लागतीनच ना." झोप चांगली लागते म्हने! मले लागत नव्हती हो, त्याचे पैसे बुडून राह्यले होते आन् झोप माझी गेली होती, आनंदानं गेली, पन गेली! नऊवर आला भाव. घेतला त्याच्याबी खाली! तरी हासते! आता याच्यात जळनारा मानूस कोन आन् जळते कोन, तुम्हीच सांगा. म्हंजे मी जळत नाही. आपल्याले का करा लागते!

आन् मंग सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर सुरू झालं माझं मरन. भाव उठा लागला. नीट उठन तं उठ ना बावा! नाही. नवाचा अकरा, अकराचा दहा, दहाचा तेरा, तेराचा साडेबारा. पेपरात ते जानकार लोकं लिव्हे, "तंत्रज्ञान क्षेत्रात सुधारणेची चिन्हे आहेत, तथापि अनिश्चितता कायम असून गुंतवणूकदारांनी सावध आशावाद बाळगावा." अरे, सावध आशावाद म्हंजे का? हे तं माझ्यासारखंच झालं! बांधावर उभं राह्याचं, मनात एक, कागदावर एक, उद्या काहीबी झालं तरी आपल्यावर यायले नाही पाह्यजे! वीस वर्षं मी तेच लिव्हून राह्यलो, मले ओळखू येनार नाही का? तो लिव्हनारा तलाठीच होता, टाय बांधलेला!

आन् एकदा ओळखलं ना, मंग मी त्याच्या कागदावरचं नाही, मनातलं वाचा लागलो. म्हटलं, हा "अनिश्चितता" लिव्हते म्हंजे मनात याच्या पंच्याहत्तर पैसे हाय. भाव सतरा झाला. म्हटलं, हे आता पन्नासवर जाते. पन्नास! आन् अठ्ठ्याऐंशीच्या जेठात पुन्हा अधिक महिना! डोळ्यापुढं दिसा लागलं, पयल्या पाटावर तुलाराम, दुसऱ्या पाटावर मी, आन् मामाजी म्हंते, "जवाईबापू, जरा आनखी सरका, तुलारामबापूचं गुडघं दुखते." जीव का राह्यते ठिकान्यावर?

तं मी का केलं... आता हे तुमच्या-माझ्यात ठेवा.

मी पुन्हा लाखांदुरले गेलो. टपरीत बसलो, आवाज खाली घेतला, म्हटलं, "तुलाराम, तू माझा लहान भाऊ. मी नागपूरच्या जानकार मानसाले विचारलं. हे सगळं खोटं उठनं हाय. वरतून हिरवं दिसते, आत दाना नाही. ईक." तो म्हने, "दादा, खरंच?" म्हटलं, "चाळीस पैसे! लिव्हून देतो." तुम्हाले सांगतो, तो एक मिनिटबी नाही थांबला हो! डाग द्याची ती गरम सळई खाली ठेवली, पेटी उघडली, दोनशे शेअरचे कागद माझ्या हातात देल्ले. "तुम्ही म्हनता तं ईकूनच टाका. तुम्ही नागपूरले जाताच, मले तिथलं का समजते? कुठं सही करू?" असा इस्वास! माझ्या डोळ्यात पानी आलं. सही घेतली आन् निंघालो.

आन् दुसऱ्या दिवशी पोस्टातून टिनाचे पैसे काढले.

नागपुरात इतवारीत एका गल्लीत तो दलाल, गादीवर लवंडलेला. त्याले कागद देल्ले. म्हने, "भाव सत्रह. बेच दूँ?" म्हटलं, "बेचो." म्हने, "खरीदार ढूँढना पड़ेगा." म्हटलं, "मैं हाय ना." तो उठूनच बसला! "भाऊ, बेचने भी तुम आए, खरीदने भी तुमीच? तो फिर मेरेको कायको नींद से उठाया?" म्हटलं, "बाबूजी, घर का मामला हाय." मंग त्यानं ईकनाऱ्याची दलाली बी घेतली आन् घेनाऱ्याची बी घेतली. दोन्ही माझ्याजवळूनच! पन काळजी वाटली नाही, पिशवीत कागद होते, पिशवी पोटाशी, आन् एसटी भंडाऱ्यापर्यंत आली तवर मनात मी पन्नासच्या भावानं कवेलू काढून सिमेंटचा सिलॅप टाकला होता. पाट बी माझा, सिलॅप बी माझा!

तुलारामले पैसे नेऊन देल्ले. लबाडी नाही केली, सांगून ठेवतो, पुरे सतराच्या भावानं देल्ले. त्यानं त्याचं का केलं मालूम हाय? टपरीवर टिनं टाकले! नवे कोरे, चमकनारे! माझ्या टिनाच्या पैशानं त्याच्या टपरीवर टिनं! मी एसटीतून उतरलो तं उन्हानं डोळेच दिपले. म्हटलं, टाक बावा. आपल्याले का करा लागते!

आन् मंग चैत लागला. मी हाटेलात जाऊन पेपर उघडला. सोळा. म्हटलं, दम घेऊन राह्यला. चौदा. म्हटलं, मोठी उडी माराच्या पयले मानूस मांगं सरकतेच. अकरा. आठ. मंग त्या जानकाराचं आलं, "परदेशातून येणाऱ्या स्वस्त मालापुढे देशी कंपन्यांचा टिकाव लागणे कठीण." अरे मंग पयले लिव्हाचं होतं ना! पाच. तीन! आन् मंग एक दिवस त्या बारीक अक्षरात नावच नाही. मी पुरं पान वाचलं, तांदूळ निवडतेत तसं. नाही. चहावाल्याले म्हटलं, "पेपर फाटला का रे?" तो म्हने, "नाही साहेब, कालचाच हाय, पुरा हाय."

वीस वर्षं! वीस वर्षं मी पंचेचाळीस लिव्हत आलो आन् एकबी वर्ष ते खरं निंघालं नाही, धान नेहमी माझ्या कागदापेक्षा जास्तच झालं. आन् जिंदगीत पयल्यांदा मनातली आनेवारी मानून पैसा लावला, तं कागदावरची खरी निंघाली! चाळीस बी कुठं, रुपयाले एक पैसाबी नाही पडला!

घरी सांगतलं का? कसं सांगू? उषा म्हने, "पावसाळा तोंडावर आला, टिनाचं पाहा ना." म्हटलं, "टिनाचे भाव चढले हाय, जरा उतरू दे." म्हने, "तुम्हाले भावाचं भल्ला समजते." ती साधंच बोलली हो, पन मी अर्धी भाकर ताटात ठेवून सायकल काढली.

आन् आला धोंड्याचा महिना. अठ्ठ्याऐंशीचा जेठ, असं ऊन का आंधळगावच्या रस्त्यावर डांबर चपलेले चिकटे. मी मनाची तयारी करून गेलो होतो, दुसऱ्या पाटावर गपचूप बसाची. घरात पाय ठेवला तं का पाहतो! मामाजी स्वतः दारात, हातात तांब्या, "या, या, थोरले जवाईबापू!" पयला पाट मांडलेला, त्याच्याभोवती रांगोळी, आन् तुलाराम उभा, दुसऱ्या पाटाजवळ, म्हंते, "दादा बसल्याबिगर मी बसत नाही." देवघरातलं ते बाईच्या बोटाचं पुस्तक गायब! चुलीत घातलं म्हने. मामाजीनं माझे पाय धुतले, आन् पाच-पन्नास लोकं जमा झालेले, त्याहिच्यापुढं म्हने, "हा मानूस! पंच्याऐंशीतच यानं सांगतलं होतं, चाळीस पैसे! आम्ही मूर्ख, आम्ही ऐकलं नाही. अरे, ज्याले बांधावर उभं राहून पिकाचं समजते, त्याले मशिनीचं समजनार नाही का?" तुलारामनं तं सगळ्याइच्यापुढं माझ्या पायावर डोकं ठेवलं हो! म्हने, "दादा नसते तं मी बुडालो होतो. माझ्या टपरीवरचे टिनं दादाचे हाय." इतकं खरं वाक्य त्या घरात आजपर्यंत कोनी बोललं नसंन!

ताट आलं. तेहतीस अनारसे. पयलं माझ्यापुढं. सोळा वर्षं जे भेटलं, मधात गेलं, ज्याच्यासाठी मी तीन वर्षं झोपलो नाही, ते सगळं परत आलं, पाट, पाय, ताट, सगळं. मी एक अनारसा उचलला. तोंडाशी नेला. तेवढ्यात मामाजी पंखा हालवता हालवता म्हने, "पन काहो जवाईबापू, एक इचारू? हे कागद ज्यानं सतराच्या भावानं घेतले, तो बैताड कोन असंन हो?"

सगळे हासले. तुलाराम हासला, सत्यवती हासली, मामी पदर तोंडाले लावून हासली. आन् माझी उषा, दारात उभी, हासून हासून तिच्या डोळ्यात पानी आलं, मंग एकदम तिले कनव आली, मोठ्या मनाची हाय ना ती, म्हने, "माय वो! पन त्याच्या बायकोचं का झालं असंन बाप्पा, जवा तिले समजलं असंन!"

मी अनारसा ताटात ठेवला. म्हटलं, "तिले अजून समजलं नसंन."